टिरो, मुक्ता आणि बलू : सिनेमाच्या पत्रकासाठी वापरलेले तीन फुकट मराठी फॉन्ट

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. कागदावर छापून वाचायचं असेल तर टिरो देवनागरी मराठी. मोबाईलवर पीडीएफ पाठवायची असेल तर डोळे झाकून मुक्ता. बलू फक्त मथळ्याला, तो पण एकच ओळ, दुसऱ्या ओळीला लावलात की पान वाढदिवसाच्या बॅनरसारखं दिसायला लागतं. तिन्ही गुगल फॉन्ट्सवर फुकट आहेत, लायसन पण मोकळं आहे, म्हणजे छापा, वाटा, छापलेलं विका, कोण विचारत नाही, फक्त नुसता फॉन्टच पैसे घेऊन विकायचा नाही एवढंच.

आता हे मी का वापरले ते. आमच्या इथं सांगलीत विश्रामबागेत सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा आम्ही मिळून सिनेमा बघतो, आणि बघून झाल्यावर मी दोन पानी पत्रक काढतो, काय बघितलं, काय पटलं, कोण कुणाशी भांडलं वगैरे. थोडे कागद छापतो आणि बाकीच्यांना व्हॉट्सॲपवर. हे पत्रक बरीच वर्षं एकाच साच्यात चाललेलं, वरती रीळ आणि शूटिंगच्या वेळी वाजवतात त्या क्लॅपच्या पाटीचं क्लिपआर्ट, खाली दोन कॉलम, आणि डीटीपीवाल्याकडच्या जुन्या फॉन्टमध्ये सगळा मजकूर. तो फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर मराठी सारखं उघडावं म्हणून ठरलेल्या पद्धतीच्या, आधीच्या जमान्यातला, त्यामुळं त्याच्या कॉम्प्युटरवर सगळं छान आणि दुसरीकडं फाईल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. मी घरी एखादी वेलांटी दुरुस्त करायची म्हटलं तरी परत त्याच्या दुकानात जाऊन पंख्याखाली बसायचं, आणि तो म्हणणार, "थांबा की दादा, लग्नाच्या पत्रिकेचं अर्जंट आहे, एवढं काढून देतो." लग्नसराईत तर पत्रक पुढचा सिनेमा आला तरी निघायचं नाही.

म्हणून सगळं नवीन करायचं ठरवलं. मजकूर युनिकोडमध्ये, पान लिब्रे ऑफिसमध्ये, म्हणजे वर्डसारखाच प्रोग्रॅम, तो पण फुकटच. क्लिपआर्ट उडवलं, कॉलम उडवले. आणि मग खरा प्रश्न आला की अक्षर कुठलं घ्यायचं, कारण पान साधं केलं की लपायला जागा राहत नाही, जे काय आहे ते अक्षरच.

टिरोपासून सुरू करतो कारण त्याच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव बसला. टिरो टाईपवर्क्स ही कॅनडातली कंपनी, आणि ह्या अक्षरांचं मूळ काम झालं ते मूर्ती क्लासिकल लायब्ररीसाठी, म्हणजे हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसची ती जुन्या भारतीय ग्रंथांची माला आहे ना, मूळ मजकूर एका पानावर आणि समोर इंग्रजी, त्यासाठी. तर हे अक्षर मुळातच पुस्तकात लांबलचक वाचण्यासाठी बनलेलं आहे आणि ते जाणवतं. जाड-बारीक रेघेचा फरक आहे, बोरूनं लिहिल्यासारखा, पण नाटकी नाही. जुन्या पोथ्या किंवा निर्णयसागर छापखान्याची पुस्तकं घरात बघितलेल्या माणसाला ते लगेच ओळखीचं वाटतं.

पहिलं पत्रक ह्यात केलं ते 'संत तुकाराम'चं, प्रभातचा १९३६ चा. हा सिनेमा आमच्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी लहानपणी कधीतरी टीव्हीवर तुकड्या-तुकड्यात बघितलेला, पण सलग अंधारात बसून बघितला तेव्हा सगळ्यात जास्त लक्षात राहिली ती जिजाई. विष्णुपंत पागनीस तर काय, त्यांचा चेहराच असा की अभिनय चाललाय हे विसरायला होतं, पण सिनेमा जमिनीवर धरून ठेवलाय तो जिजाईनं, गौरीबाईंनी. पोरं, म्हैस, रिकामी मडकी, आणि हा माणूस देव देव करत बसलेला. ती बोलायला लागली की हॉलमधल्या सगळ्या बायका हसत होत्या आणि पुरुषमंडळी जरा गप्पगप्प. शेवटी तुकोबा वैकुंठाला जातात आणि ती मागं राहते, तिथं खालच्या मजल्यावरच्या काकू मोठ्यांदा म्हणाल्या, "बघा, हिला कोण विचारतंय का!" मी हे वाक्य पत्रकात जसंच्या तसं घातलं. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली ह्या सिनेमाचा गौरव झालेला, तिथल्या परीक्षकांना जिजाई किती कळली असेल ठाऊक नाही पण काकूंना पूर्ण कळली.

तर फॉन्टचं काय, ह्या पत्रकात अभंगाच्या ओळी होत्या आणि कवितेच्या ओळीत अक्षराची परीक्षा होते. विठ्ठल हा शब्दच घ्या. जुन्या फाईलमध्ये विठ्ठलाचा ठ पाय मोडून उभा असायचा, ठ, मग तिरकी रेघ, मग परत ठ. टिरोत ठ खाली ठ नीट बसतो. द्ध, द्व, ह्म ही सगळी जोडाक्षरं पण जुन्या पुस्तकात असायची तशी. आणि 'आधी बीज एकले' ह्या गाण्याबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या, ते शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेलं आहे, तुकोबांचा अभंग नव्हे, पण इतकं बेमालूम की भल्याभल्यांना गाथेतलंच वाटलं. ती माहिती मी टिरोच्या इटॅलिकमध्ये वेगळी काढली. छान दिसली. देवनागरी तिरकी केली की बहुतेक वेळा अक्षरं पडायला आल्यासारखी दिसतात कारण सॉफ्टवेअर त्यांना नुसतं ढकलून देतं, इथं तिरकं अक्षर मुद्दाम वेगळं बनवलेलं आहे.

टिरोचा मोठा दोष एकच, पण तो खरंच मोठा आहे. त्यात ठळक नाही. रेग्युलर आणि इटॅलिक, बस्स. तुम्ही बोल्डचं बटन दाबलं तर सॉफ्टवेअर आपल्या मनानं अक्षर जाड करतं आणि मग मात्रा, अनुस्वार सगळं चिकटून शाईचा डाग पडल्यासारखं होतं. त्यामुळं सिनेमाचं नाव, दिग्दर्शकाचं नाव ठळक करायची सवय असेल तर ती सोडा नाहीतर दुसरा फॉन्ट जोडीला घ्या.

आता ल आणि श बद्दल, कारण ह्यावर मला बोलायचंच आहे. आपला मराठी ल पाकळ्यांचा, त्याला उजवीकडं पूर्ण काना नसतो. कॉम्प्युटरवर बहुतेक ठिकाणी दिसतो तो काना असलेला हिंदी वळणाचा ल. श चं पण तसंच, आपलं वळण वेगळं आहे. महाराष्ट्र शासनाचा ६ नोव्हेंबर २००९ चा निर्णय आहे मराठी वर्णमालेबद्दल, त्यात आपली वळणं ठेवायची असं स्पष्ट आहे, तरी आपण रोज फोनवर हिंदी ल बघतो आणि कुणाला काही वाटत नाही. मला पण वाटत नव्हतं असं नाही, पण काय करायचं हे कळत नव्हतं. तर गंमत अशी की बऱ्याच नव्या फॉन्टमध्ये मराठी आकार आत ठेवलेला असतो, पण मजकूर मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगितल्याशिवाय तो बाहेर येत नाही. लिब्रे ऑफिसमध्ये मजकूर सिलेक्ट करून भाषा मराठी करायची, आणि ज्यांना वेबसाईट करायची आहे त्यांनी पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे असं लिहायचं, एका शब्दाचं काम आहे. हिंदी ठेवलं तर हिंदी ल येणार, त्यात फॉन्टची चूक नाही.

टिरोवाल्यांनी ही भानगडच ठेवली नाही, त्यांनी हिंदी, संस्कृत, मराठी असे तीन वेगळे फॉन्टच केलेत. म्हणून डाऊनलोड करताना नीट बघा, टिरो देवनागरी हिंदी उतरवून मग ल तसाच का म्हणून डोकं खाजवत बसू नका.

आमच्याकडं मिरजेहून एक निवृत्त मास्तर येतात सिनेमा बघायला, त्यांच्या हातात पहिला छापील कागद दिला तेव्हा त्यांनी सिनेमाबद्दल एक अक्षर काढलं नाही, कागद लांब धरला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "ल आपला आला की रे!" मग त्यांनी मिरजेचं सुरू केलं, ते कधी ना कधी निघतंच. पण त्यात तथ्य आहे. मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयानं १८०५ साली तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून गीता छापली, आख्खं पान उलटं कोरायचं, एक मात्रा चुकली की पत्रा वाया. आणि आम्ही फुकट उतरवलेल्या फॉन्टमध्ये भाषेची सेटिंग करायचा कंटाळा करतो, असं मास्तरांचं म्हणणं, जे आमच्यातल्या पोरांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

मुक्ता. हा मुंबईच्या 'एक टाईप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचा. साधा, सरळ, सगळीकडं सारख्या जाडीच्या रेघांचा, आणि अगदी बारीक ते एकदम जाड अशा सात वजनांत. म्हणजे टिरोत जे नाही ते सगळं इथं आहे. ह्यात देखणं असं काही नाही, पण फोनच्या छोट्या स्क्रीनवर उघडून बघा. टिरोच्या बारीक रेघा फोनवर, त्यातून ब्राईटनेस कमी असेल तर, पुसट व्हायला लागतात. मुक्ता खणखणीत उभा राहतो. आमच्या ग्रुपवर अर्धे लोक पीडीएफ उघडून दोन बोटांनी ताणून ताणून वाचायचे, मुक्तात चौदाचा आकार आणि ओळीतलं अंतर दीडपट केल्यावर ताणणं बंद झालं. हे ओळीतल्या अंतराचं लक्षात ठेवा, इंग्रजीच्या हिशोबानं जे अंतर आपोआप येतं ते आपल्याला पुरत नाही, आपल्या अक्षराला वर रफार, वेलांट्या आणि खाली उकार, रुकार असतात, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो.

मुक्तात केलं ते 'कोर्ट'चं पत्रक, चैतन्य ताम्हाणेचा, २०१४ चा, ज्याला त्या वर्षीचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. हे पत्रक मुक्तातच व्हायला पाहिजे होतं कारण त्यात कायद्याची कलमं, आकडे, मधेच इंग्रजी शब्द असं सगळं मिसळलेलं होतं आणि मुक्तातली रोमन अक्षरं देवनागरीच्या शेजारी उपरी वाटत नाहीत, एकाच उंचीची, एकाच वजनाची. दस्तऐवजाचं अक्षर आहे ते आणि तो सिनेमा पण दस्तऐवजासारखाच आहे.

सिनेमा बघताना आमच्याकडं दोन गट पडले. पहिल्या अर्ध्या तासात मागच्या रांगेतले काही जण फोन काढून बसले, कॅमेरा हलतच नाही म्हणून. एक लोकशाहीर, नारायण कांबळे, त्यांच्यावर आरोप असा की त्यांचं गाणं ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगारानं जीव दिला, आणि मग तारीख पे तारीख. वीरा साथीदारांनी केलेला हा शाहीर कुठं आवाज चढवत नाही, भाषण करत नाही. पण मला स्वतःला सगळ्यात धारदार वाटली ती सरकारी वकील बाई, गीतांजली कुलकर्णीनं केलेली. कोर्टात ती ह्या माणसाला आत ठेवायला आटापिटा करते, आणि नंतर आपल्याच शेजारणीसारखी लोकलनं घरी जाते, पोराला घेते, स्वयंपाक करते. दुष्ट नाहीये ती, नोकरी करतीये. आणि मग ती कुटुंबाला घेऊन नाटकाला जाते, परप्रांतीयांवर विनोद असलेलं मराठी नाटक, आणि थिएटरमध्ये लोक टाळ्या पिटत हसतात. आता सांगलीत नाटक म्हटल्यावर काय, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' इथंच केलं हे आम्ही पाहुण्याला चहाच्या आधी सांगतो, तर पडद्यावरचं नाटक सुरू झालं तसे आमचे पण लोक हसायला लागले. मनापासून. आणि मग एक एक करून थांबले, कारण पडद्यावरचे प्रेक्षक पण तेच करत होते आणि आपण कुणासारखं हसतोय हे दिसत होतं. ह्या एका गोष्टीसाठी मी दिग्दर्शकाला पैकीच्या पैकी देतो. नंतर कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, शिपाई एक एक दिवा बंद करत जातो, आणि कॅमेरा त्या काळोखात तसाच थांबतो, तेव्हा आमच्यातल्या एकानं लाईट लावायला स्विचकडं हात नेला होता, सिनेमा संपला म्हणून. त्याला खाली बसवलं.

ह्या पत्रकावर ग्रुपमध्ये जेवढी चर्चा झाली तेवढी आधी कधीच नाही. सिनेमामुळं झाली हे बरोबरच आहे, पण लोकांनी शेवटपर्यंत वाचलं होतं हे कळत होतं, दुसऱ्या पानावरच्या वाक्यांवर भांडत होते.

बलूवर फार बोलण्यासारखं नाही. तो पण 'एक टाईप'चाच, गोलमटोल, जाडजूड, हसरं अक्षर. 'सामना'च्या पत्रकाला वरती सामना ही तीन अक्षरं बलूत मोठ्ठी टाकली होती आणि दिसायला जबरदस्त दिसली, पण सिनेमा असा, जब्बार पटेल, तेंडुलकर, निळू फुले आणि लागू, साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव आणि मारुती कांबळेचं काय झालं म्हणून पिच्छा न सोडणारा दारुडा मास्तर, त्याच्यावर हे गुबगुबीत अक्षर म्हणजे तेराव्याला फुगे. शेवटी मुक्ताचं सगळ्यात जाड वजन टाकलं. बलू लहान मुलांच्या सिनेमासाठी, दुकानाच्या पाटीसाठी, भडंगाच्या पाकिटासाठी उत्तम, सांगलीत ह्या शेवटच्या कामाला गिऱ्हाईक भरपूर मिळेल.

'सामना'बद्दल एवढंच की आपल्या ऊसपट्ट्यात हा सिनेमा बघणं वेगळंच असतं. दुसरीकडं लोक त्याला राजकीय सिनेमा म्हणत असतील, इथं लोक मधेच एकमेकांकडं बघून हसतात आणि हिंदुराव म्हणजे कोण ते नाव मात्र कुणी घेत नाही. मी पण पत्रकात घेतलं नाही. निळूभाऊंचं सिगारेट धरणं, खालच्या पट्टीत बोलणं, समोरच्याला जेवायला घालता घालता मोजून घेणं, पन्नास वर्षं झाली तरी जुनं झालेलं नाही.

आता बसवताना काय अडचणी येतात ते. एक, जुना मजकूर नव्या फॉन्टमध्ये आणायचा तर नुसता फॉन्ट बदलून होत नाही, आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्यावा लागतो आणि कन्व्हर्टर ऱ्या, ऱ्ह ह्या अक्षरांत हमखास घोळ घालतो. दुसऱ्या, तिसऱ्या, पुढाऱ्यांनी, ऊसकऱ्यांनी हे सगळे शब्द एकदा डोळ्यांनी तपासा, नाहीतर दुसर्या असं रफारवालं काहीतरी छापून येतं. दोन, दुकानात छापायला देताना वर्डची फाईल देऊच नका, पीडीएफ द्या, पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसून जातो, नाहीतर दुकानदाराच्या मशीनवर तो फॉन्ट नसला की तुमचं सगळं पान विंडोजमधल्या मंगल फॉन्टमध्ये जातं. मंगल वाईट नाही, र. कृ. जोशींसारख्या जाणत्या माणसाचं काम आहे आणि विंडोजवर आपली भाषा दिसायला लागली ती त्याच्यामुळं, पण ते स्क्रीनसाठीचं अक्षर आहे, कागदावर रोडावतं. तीन, पीडीएफमधून मराठी मजकूर कॉपी केला की वेलांट्या इकडच्या तिकडं होतात, हे तिन्ही फॉन्टला होतं, त्यामुळं मूळ फाईल जपून ठेवा.

माझा आत्ताचा साचा असा बसलाय, छापील पत्रकाला मजकूर टिरोत आणि नावं, तारखा, चौकटी मुक्तात. फोनवरच्या प्रतीला सगळंच मुक्ता. दोन वेगळ्या फाईल करायच्या म्हणजे काम वाढतं, पण एकदा स्टाईल लावून ठेवल्या की फॉन्टचं नाव एका जागी बदलायचं, बाकी आपोआप बदलतं. डीटीपीवाल्याला पण हे फॉन्ट टाकून दिले पेनड्राईव्हवर, तो लगेच म्हणाला, "दादा, पत्रिकेला चालतंय का हे टिरो?" चालतंय की, पण वधू-वराची नावं ठळक पाहिजेत ना लोकांना, आणि बोल्ड नाही म्हटल्यावर त्यानं पेनड्राईव्ह परत दिला, मुक्ता तेवढा ठेवून घेतला.